बूटेबल पेनड्राइव्ह आणि नव्याने ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनड्राइव्ह बूटेबल करणं (संगणक त्याच्यावरूनच सुरू होईल असा तो तयार करणं) हे या सगळ्या कामातलं सर्वात सोपं पाऊल आहे. चार क्लिक करायचे आणि पट्टी पुढे सरकताना बघत बसायचं. माणसं अडकतात ती त्याच्या आधी (डेटा कुठे आहे, कुलूपबंद डिस्क उघडणारी रिकव्हरी की कुठे आहे) किंवा त्याच्या नंतर (पेनड्राइव्ह लावलाय, पण मशीन त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही). म्हणून खालची उत्तरं त्या दोन टोकांकडे जरा जास्त झुकलेली आहेत.

आयएसओ फाइल (इन्स्टॉलरचं सगळं सामान एकत्र बांधलेली फाइल) पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली, तरी तो बूट होत नाही. असं का?

कारण मशीन चालू होताना फर्मवेअर (मदरबोर्डवरचं, सर्वात आधी चालणारं सॉफ्टवेअर) आयएसओ उघडून बघत नाही, ते एका ठरलेल्या जागी बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) शोधतं. जुन्या बायोस पद्धतीत ही जागा म्हणजे डिस्कचा पहिलाच ५१२ बाइटचा सेक्टर. नव्या यूईएफआय पद्धतीत फॅट पार्टिशनवर (फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कच्या भागावर) ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर, त्यात ‘बूट’ नावाचा फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल असावी लागते. तुम्ही टाकलेली आयएसओ त्या पेनड्राइव्हवर नुसती पडून असते. त्यामुळे आयएसओच्या पोटातलं सामान बाहेर काढून योग्य रचनेत मांडावं लागतं, आणि रूफस, एचर वगैरे साधनं तेवढंच करतात.

गंमत म्हणजे यूईएफआय मशीनसाठी फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर आयएसओ उघडून आतल्या फाइली कॉपी केल्या, तर बऱ्याचदा तेवढ्यानेही काम होतं. अडचण फक्त मोठ्या फाइलींची येते. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

पेनड्राइव्ह करावाच लागेल का? विंडोज चालू तर होतंय.

चालू होत असेल तर आधी सेटिंग्जमधलं ‘रीसेट धिस पीसी’ वापरून बघा. त्यात फाइली ठेवण्याचा किंवा सगळं पुसण्याचा पर्याय मिळतो आणि ‘क्लाउड डाउनलोड’ निवडलं तर विंडोजची ताजी प्रत इंटरनेटवरून येते. त्याला चार जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो, हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ध्यानात ठेवा. विंडोज सुरूच होत नसेल, डिस्क बदलली असेल, व्हायरसची शंका असेल किंवा लिनक्स टाकायचं असेल, तर मात्र पेनड्राइव्ह हवाच.

किती जीबीचा पेनड्राइव्ह लागतो?

विंडोजसाठी किमान ८ जीबी. १६चा घेतलात तर ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) ठेवायलाही जागा उरते. विंडोज ११ची आयएसओ पाच जीबीच्या वर गेली आहे, लिनक्सपैकी उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती सहाच्या आसपास असते, लिनक्स मिंट त्याच्या जवळपास निम्म्यात भागवतं. मोठा पेनड्राइव्ह घेतल्याने वेग वाढत नाही, यूएसबी ३चा घेतल्याने वाढतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, अगदी त्याची दोन पार्टिशनं असतील तर दोन्ही. आणि लेबलवर ६४ जीबी लिहिलेले पण आत प्रत्यक्षात खूपच कमी जागा असलेले बनावट पेनड्राइव्ह भरपूर फिरतात. त्यावर लिहिताना एरर येत नाही, पण इन्स्टॉल करताना मध्येच ‘फाइल सापडत नाही’ म्हणून गाडी थांबते. शंका आली तर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ने, लिनक्सवर ‘एफ३’ने खरी क्षमता तपासता येते.

माझा संगणक बंद पडलाय. दुसऱ्याच्या संगणकावर पेनड्राइव्ह केला तर चालेल?

चालेल. पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या मशीनशी त्याचं काही नातं राहत नाही. फक्त भाषा आणि आवृत्ती निवडताना ती आजारी मशीनच्या हिशेबाने निवडा. प्रोसेसरचा प्रकारही बघा: इंटेल आणि एएमडीसाठी एक आयएसओ, एआरएम प्रोसेसरसाठी वेगळी. विंडोज ११ला ३२ बिटची आवृत्तीच नाही.

मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल (विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारं साधन) फक्त विंडोजवर चालतं. हाताशी मॅक किंवा लिनक्स असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या त्याच डाउनलोड पानावरून थेट आयएसओ उतरवून घेता येते.

विंडोजसाठी मीडिया क्रिएशन टूल वापरू की रूफस?

पहिल्यांदाच करत असाल आणि मशीन गेल्या सात-आठ वर्षांतलं असेल, तर मीडिया क्रिएशन टूल. ते आयएसओ स्वतः उतरवतं, स्वतः लिहितं आणि फार काही विचारत नाही. प्रश्न कमी तेवढ्या चुका कमी.

रूफस तेव्हा घ्या जेव्हा तुमच्याकडे आयएसओ आधीच आहे, मशीन जुनं आहे, किंवा विंडोज ११च्या काही अटी बाजूला ठेवायच्या आहेत. ते इन्स्टॉल न करता चालतं, आकाराने अगदी छोटं आहे आणि फुकट आहे. मात्र ते त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. नावात एखादं अक्षर इकडेतिकडे केलेल्या साइट शोधनिकालात वर दिसतात आणि तिथून भलतंच काही पदरात पडतं. रूफसमध्ये बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क यादीत दिसत नसेल तर घाबरू नका, ती मुद्दाम लपवलेली असते. प्रगत पर्यायांत ‘लिस्ट यूएसबी हार्ड ड्राइव्ह्ज’वर खूण केली की दिसते. खूण करण्याआधी आपल्या बॅकअपची डिस्क काढून ठेवा.

कोणीतरी ‘अॅक्टिव्हेट करून ठेवलेली’ किंवा ‘हलकी केलेली’ विंडोजची आयएसओ दिली, तर ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या सिस्टिममध्ये तुम्ही बँकेचे पासवर्ड टाकणार, तिच्या आत काय बदललं आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

रूफसमधली पार्टिशन स्कीम (डिस्कचे भाग मांडण्याची रचना): जीपीटी निवडू की एमबीआर?

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. अनेक जण अंदाजाने एक निवडतात, पेनड्राइव्ह बूट झाला नाही की दुसरं निवडतात, आणि मग पेनड्राइव्हच खराब आहे असं ठरवतात.

नियम असा आहे: ज्या मशीनवर इन्स्टॉल करायचं ते कोणत्या पद्धतीने बूट होतं ते बघा. यूईएफआय असेल तर जीपीटी, जुनं बायोस असेल तर एमबीआर. विंडोज चालू असेल तर स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. त्यात ‘बायोस मोड’समोर ‘यूईएफआय’ किंवा ‘लेगसी’ लिहिलेलं दिसेल. विंडोज ११साठी मशीन यूईएफआयच लागतं, तेव्हा तिथे अधिकृतपणे जीपीटीच.

मागचं कारण थोडक्यात. एमबीआर ही जुनी रचना: त्यात चारच प्राथमिक पार्टिशनं होतात आणि डिस्क दोन टीबीपर्यंतच वापरता येते. जीपीटीत ही बंधनं नाहीत, विंडोज त्यात १२८ पार्टिशनं करू देतं. विंडोजचा इन्स्टॉलर यूईएफआय पद्धतीने सुरू झाला तर तो फक्त जीपीटी डिस्कवरच बसायला तयार होतो, आणि लेगसी पद्धतीने सुरू झाला तर फक्त एमबीआरवर. म्हणजे पेनड्राइव्ह कसा बूट झाला, यावर पुढे हार्ड डिस्क स्वीकारली जाणार की नाही हे ठरतं. ‘निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे’ हा प्रसिद्ध एरर यातूनच येतो. त्याचा अर्थ डिस्क बिघडली असा मुळीच नाही.

जुन्या यूईएफआय मशीनच्या बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसत्या नावाने, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. ‘यूईएफआय’वाली नोंद निवडा.

पेनड्राइव्हचा फॉरमॅट: फॅट३२ की एनटीएफएस?

यूईएफआय फर्मवेअरला हमखास वाचता येतं ते फॅट. पण फॅट३२वर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही आणि विंडोजच्या आयएसओतली ‘इन्स्टॉल.विम’ ही मुख्य फाइल हल्ली ती मर्यादा ओलांडते. मायक्रोसॉफ्टचं टूल जास्त दाबून बसवलेली ‘इएसडी’ फाइल वापरून यातून सुटतं. रूफस पेनड्राइव्ह एनटीएफएस करतं आणि शेजारी एक चिमुकलं फॅट पार्टिशन ठेवतं, ज्यातला छोटा प्रोग्राम फर्मवेअरला एनटीएफएस वाचायला मदत करतो. हाताने करायचं असेल तर विम फाइलचे तुकडे करावे लागतात. रूफस वापरत असाल तर त्याने जे आपोआप निवडलं आहे त्याला हात लावू नका, एवढंच पुरे.

लिनक्सचा पेनड्राइव्ह कसा करायचा?

बॅलेना एचर हे साधन विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं: फाइल निवडा, ड्राइव्ह निवडा, लिहा. उबुंटू, मिंट, फेडोरा यांच्या आयएसओ अशा बांधलेल्या असतात की त्या जशाच्या तशा, बाइटला बाइट, पेनड्राइव्हवर उतरवल्या तरी बूट होतात. विंडोजची आयएसओ तशी बांधलेली नसते, म्हणून एचरमध्ये ती टाकली की ते पार्टिशन टेबल नसल्याचा इशारा देतं. तो इशारा खरा आहे, ‘तरीही पुढे जा’ करू नका. लिनक्सवर बसून विंडोजचा पेनड्राइव्ह करायचा असेल तर वेंटॉय किंवा वोयूएसबी वापरा.

रूफसमध्ये लिनक्सची आयएसओ दिली की ते कधी कधी ‘आयएसओ मोड’ की ‘डीडी मोड’ असं विचारतं. आधी आयएसओ मोड, बूट झाला नाही तर डीडी.

टर्मिनलवरची ‘डीडी’ आज्ञा हेच काम करते, पण ती ‘खात्री आहे का?’ असं विचारत नाही. डिस्कच्या नावात एक अक्षर चुकलं तर पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क पुसली जाते. वापरायचीच असेल तर आधी डिस्कची यादी काढून आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा. आणि काम संपल्यासारखं दिसलं तरी लगेच उपसू नका, मेमरीत थांबलेला डेटा अजून लिहिला जात असू शकतो. ‘इजेक्ट’ करूनच काढा.

लिनक्सच्या पेनड्राइव्हचा एक मोठा फायदा म्हणजे इन्स्टॉल न करता ‘लाइव्ह’ चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का ते आधीच कळतं. बंद पडलेल्या विंडोज मशीनमधल्या फाइली बाहेर काढायलाही हाच उपयोगी पडतो.

एका पेनड्राइव्हवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतील?

वेंटॉय वापरा. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की पुढे आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, बूट करताना त्यांची यादी समोर येते. सुरुवातीचं ‘कॉपी-पेस्ट चालत नाही’ हे उत्तर इथे अपवादाने उलटं होतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच बूटलोडर चालू देणारी सोय) चालू असेल तर पहिल्यांदा वेंटॉयची की मशीनमध्ये नोंदवावी लागते, त्याच्या सूचना पडद्यावरच येतात.

मॅकसाठी?

आधी मॅकची अंगभूत रिकव्हरी वापरून बघा, बहुतेकांना पेनड्राइव्हची गरजच पडत नाही. करायचाच असेल तर मॅकओएसचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवून त्याच्यासोबत येणाऱ्या ‘क्रिएटइन्स्टॉलमीडिया’ आज्ञेने करतात. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. बूट करताना इंटेल मॅकवर ऑप्शन की दाबून धरायची, अॅपल सिलिकॉनवर पॉवर बटण दाबून धरायचं. टी२ चिप असलेल्या इंटेल मॅकवर बाहेरच्या ड्राइव्हवरून बूट करायला रिकव्हरीतल्या ‘स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी’मध्ये आधी परवानगी द्यावी लागते.

उतरवलेली आयएसओ धड आहे हे कसं कळणार?

एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवा. ती ६४ आकडे-अक्षरांची ओळ असते. लिनक्सच्या जवळपास सगळ्या वितरणांच्या साइटवर ती दिलेली असते. विंडोजमध्ये पॉवरशेलच्या ‘गेट-फाइलहॅश’ आज्ञेने आपल्या फाइलची काढता येते. इन्स्टॉल दर वेळी त्याच टक्क्यावर अडकत असेल तर हे सर्वात आधी तपासा.

पेनड्राइव्ह लावण्याआधी काय काय वाचवून ठेवायचं?

फोटो आणि कागदपत्रं सगळ्यांना आठवतात. ‘माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे’ असं म्हणणाऱ्यांचं डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स मात्र सी ड्राइव्हवरच असतं. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क सिंक होतात का बघा. हिशेबाची सॉफ्टवेअर आपला डेटा कुठल्या तरी आडबाजूच्या फोल्डरमध्ये ठेवतात, त्यांच्या आतलाच बॅकअप पर्याय वापरा. टाइप करायचे मराठी फॉन्ट आणि कीबोर्ड लेआउट वेगळे टाकले असतील तर त्यांचीही प्रत ठेवा.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बूटची सेटिंग्ज बदलली की विंडोज अचानक ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या उपकरणावरून खात्यात शिरून ती आधीच कागदावर उतरवून घ्या. की नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही, ‘रिकव्हरी करून देतो’ म्हणणारा दुकानदारसुद्धा.

तिसरी गोष्ट वायफायचा ड्रायव्हर. विंडोज ११चा सेटअप मध्येच इंटरनेट मागतो आणि नव्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याकडे नसेल तर तिथेच ताटकळत ठेवतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ते राहिलं असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं, तरी जुनंच विंडोज सुरू होतं.

बूट मेनूची की दाबावी लागते, आणि ती कंपनीगणिक वेगळी असते. डेल, लेनोवो आणि एसरवर एफ१२ (काही एसरवर ती बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये, आधी चालू करावी लागते). एचपीवर एस्केप आणि मग एफ९. असुसच्या लॅपटॉपवर एस्केप, त्यांच्या मदरबोर्डवर एफ८. एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. पॉवर बटण दाबल्याबरोबर की टकटक दाबत राहा, एकदाच दाबून वाट बघू नका. लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या कीज आवाज-प्रकाशासाठी लावलेल्या असतील तर सोबत एफएन दाबावी लागते.

हे जमत नसेल आणि विंडोज चालू होत असेल, तर सोपी वाट आहे: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. फास्ट स्टार्टअपमुळे ‘शटडाउन’ खऱ्या अर्थाने पूर्ण बंद करत नाही, म्हणूनही रीस्टार्टच बरा.

तरी दिसत नसेल तर दुसरा पोर्ट. हब नको, डेस्कटॉपचा पुढचा पोर्टही नको, मागे थेट मदरबोर्डवर लावा. विंडोज ७ टाकत असाल तर यूएसबी २चाच पोर्ट हवा, त्याच्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३चे ड्रायव्हरच नाहीत.

सिक्युअर बूट बंद करावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. विंडोज, उबुंटू, फेडोरा सगळे सहीनिशी येतात. काही लॅपटॉपवर फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सहीला परवानगी असते. तिथे बायोसमध्ये ‘थर्ड पार्टी सीए’ अशा नावाचा पर्याय चालू केला की लिनक्स आणि रूफसचे पेनड्राइव्ह चालू लागतात. सिक्युअर बूट बंद करणं हा शेवटचा उपाय, आणि केलंच तर काम झाल्यावर परत चालू करा.

इन्स्टॉलर सुरू झाला, पण हार्ड डिस्क दिसतच नाही!

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे नेहमीचं आहे. डिस्क ‘व्हीएमडी’ नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि विंडोजच्या सेटअपकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर घ्या, उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्याच पडद्यावरच्या ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण त्याच डिस्कवरचं जुनं विंडोज ठेवायचं असेल तर तसं करू नका, ते बूट होईनासं होण्याची शक्यता असते.

पार्टिशनच्या यादीत पाच-सहा ओळी दिसतात. कोणती पुसायची?

इथे घाई नको. १०० एमबीचं ‘सिस्टिम’, १६ एमबीचं राखीव, एक मोठं मुख्य आणि एखादं रिकव्हरी अशी विंडोजची नेहमीची मांडणी असते. सगळं कोरं करायचं असेल आणि बॅकअप झाला असेल, तर त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं डिलीट करा, ‘अनअॅलोकेटेड’ अशी एकच ओळ उरू द्या आणि तीच निवडून पुढे जा. बाकीची विंडोज आपली आपण करतं. वर सांगितलेला एमबीआरचा एररही याने जातो.

डी ड्राइव्ह वाचवायचा असेल तर आकारावरून ओळखा. इन्स्टॉलरमध्ये सी, डी अशी अक्षरं भरवशाची नसतात. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर दुसरीची केबल काढून ठेवणं उत्तम. कारण विंडोज कधी कधी बूटची फाइल एका डिस्कवर आणि स्वतः दुसऱ्या डिस्कवर बसतं, आणि हे पुढे कधीतरी डिस्क बदलताना कळतं.

जुन्या विंडोजच्या पार्टिशनवर फॉरमॅट न करता तसंच इन्स्टॉल केलंत, तर जुन्या फाइली ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये जातात. बॅकअप राहिला असेल तर हा एक आधार आहे, पण त्याच्या जिवावर काम काढू नका.

रीस्टार्ट झालं की पुन्हा पहिल्यापासून सेटअप सुरू होतो.

मशीन पुन्हा पेनड्राइव्हवरूनच बूट होतंय. पहिला रीस्टार्ट होताना पेनड्राइव्ह काढून घ्या. तोवर त्याचं काम झालेलं असतं.

जुन्या संगणकावर विंडोज ११ टाकता येईल?

अधिकृत अटी: टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप किंवा तशी सोय), सिक्युअर बूटची सोय असलेलं यूईएफआय, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. अनेक मशीनमध्ये टीपीएम असतं पण बायोसमध्ये बंद असतं, इंटेलवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने. आधी ते बघा. रूफस या अटींची तपासणी वगळून पेनड्राइव्ह करून देतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. फारच जुना प्रोसेसर असेल तर तीही पळवाट नाही: २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये ‘पॉपसीएनटी’ ही अंगभूत आज्ञा नसेल तर विंडोज ११ सुरूच होत नाही.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. दहा-बारा वर्षांच्या मशीनवर मी तरी लिनक्स मिंट टाकेन.

इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की मागतात. ती माझ्याकडे नाही.

त्याच मशीनवर आधी अॅक्टिव्हेट झालेलं विंडोज असेल तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे जा. डिजिटल परवाना हार्डवेअरशी जोडलेला असतो, इंटरनेट मिळालं की अॅक्टिव्हेशन आपोआप होतं. आवृत्ती मात्र तीच हवी. होमचा परवाना असताना प्रो टाकलंत तर ते होणार नाही. मदरबोर्ड बदलला असेल तर परवाना नव्याने जोडावा लागतो.

काम झालं. आता ३२ जीबीचा पेनड्राइव्ह काही एमबीचाच दिसतोय.

तो खराब झालेला नाही. लिनक्सची आयएसओ लिहिल्यावर विंडोजला त्यातलं एखादं छोटंसं पार्टिशनच ओळखता येतं. रूफसमध्ये बूट सिलेक्शनला ‘नॉन बूटेबल’ निवडून स्टार्ट केलं की तो पूर्ववत होतो. विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनाची ‘क्लीन’ आज्ञाही चालते, पण तिथे डिस्कचा क्रमांक चुकला तर भलतीच डिस्क कोरी होते. शून्य क्रमांकाची डिस्क बहुधा तुमची हार्ड डिस्क असते. ‘लिस्ट डिस्क’ने आकार बघून, बाकीचे सगळे यूएसबी ड्राइव्ह काढून, मगच क्रमांक निवडा.